नळीवाले सर

ऐंशीच्या दशकात डोंबिवली पूर्वेला ज्याच्या पोटावर आमच्या सरांची सही नाही, असा प्रतिष्ठित माणूस शोधून सापडला नसता. सही म्हणजे व्रण. उजव्या बरगडीखाली तिरका, चांगला वीतभर लांब, आणि त्याच्या खाली जरा बाजूला एक छोटा गोल डाग. तिरका व्रण पित्ताशय काढल्याचा आणि गोल डाग नळीचा. बँकेचे मॅनेजर, शाळेच्या मुख्याध्यापिका, गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष, नाटकांची तिकिटं विकणारे गृहस्थ, सगळे ही सही बनियनखाली किंवा पदराखाली घेऊन हिंडत होते. तिरका व्रण काय, कुठल्याही सर्जनकडे मिळायचा. पण तो गोल डाग म्हणजे आमच्या सरांचं खास हस्ताक्षर. त्यांचा पेशंट पोटात नळी असल्याशिवाय टेबलावरून कधी उतरलाच नाही. गावात त्यांना ‘नळीवाले डॉक्टर’ म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

मी भूल देणारी डॉक्टर. राहायला ठाण्यात, वर्तकनगरला. आणि औषधांची बॅग घेऊन ठाण्यापासून कल्याणपर्यंत जिथून बोलावणं येईल तिथं जायचं, असा माझा संसार. सरांच्या नर्सिंग होममध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुम्ही नव्या भूलबाई का? छान. तुम्ही पेशंटला झोपवा, नातेवाइकांची झोप उडवायला मी समर्थ आहे.” त्या दिवसापासून मी भूलबाई झाले. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याची मला पुढे कित्येक वर्षं शंका होती. एका दिवाळीला त्यांनी मिठाईचा पुडा पाठवला, त्यावरही ‘सौ. भूलबाई’ असंच लिहिलं होतं, आणि तो माझ्या सासूबाईंच्या हातात पडला. त्याचा खुलासा करता करता भाऊबीज आली.

नर्सिंग होम पहिल्या मजल्यावर होतं आणि त्याच्या बरोबर खाली पोळी-भाजी केंद्र. सकाळी दहा वाजले की गरम पोळ्यांचा वास जिन्यानं वर यायचा आणि उपाशी ठेवलेले पेशंट कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करायचे. कुणी तरी सरांना म्हणालं, ही जागा बदला. सरांनी साफ नकार दिला. “माझ्या पेशंटांची आतडी मी नाही सुरू करत, खालच्या बाई करतात,” असं ते सांगत. ऑपरेशननंतर पेशंट ‘कसला छान वास येतोय’ म्हणाला की सर खूश होऊन सलाईन काढायला सांगायचे.

सरांना हात लावल्याशिवाय काही कळत नसे आणि हात लावल्यावर न कळलेलं काही राहत नसे, निदान त्यांचं मत तसं होतं. बाजारात कलिंगड घेताना ते डाव्या हाताचं बोट त्यावर टेकवत आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर ठोके देत. छातीत पाणी झालंय का बघतात ना, तसे. कान लावून ऐकत. मग भाजीवाल्याला गंभीर चेहऱ्यानं सांगत, “याचं काही खरं नाही. तो खालचा काढ.” एकदा भाजीवालीच्या गळ्याशी त्यांना गाठ दिसली, तर वांग्यांचं वजन होईपर्यंत त्यांनी तिचा गळा चाचपून घेतला, तिला सोमवारी यायला सांगितलं, आणि वांगी तिथंच विसरून घरी गेले. समोरच्याला पित्ताशय समजावून सांगायची त्यांना अनावर हौस होती. हाताला लागेल त्यावर ते चित्र काढत. लग्नाच्या पत्रिकेवर, औषधाच्या खोक्यावर, हॉटेलातल्या कागदी रुमालावर. एका गृहप्रवेशाला यजमानांनी “माझ्याही पोटात हल्ली दुखतं हो डॉक्टर” एवढंच म्हटलं, तर सरांनी नव्या रंगाच्या भिंतीवर पेन्सिलीनं यकृत, त्याखाली नाशपातीसारखं पित्ताशय आणि त्यातून निघणारी बारीक नलिका काढून दाखवली.  यजमानीणबाईंनी तिथं नंतर कॅलेंडर लावलं.

ऑपरेशन करताना सर गायचे. आवाज बरा होता, सूर त्यांच्या मर्जीनं चालायचे आणि रागांच्या वेळा तर ते मुळीच पाळत नसत. सकाळी आठला यमन. मी एकदा हळूच तसं म्हणाले, तर “पित्ताशयाला घड्याळ कळत नाही, भूलबाई,” असं उत्तर आलं. पण मला त्या गाण्याचा फार उपयोग व्हायचा. मी टेबलाच्या डोक्याशी, पडद्याच्या अलीकडे. आत काय चाललंय ते मला दिसत नसे. आलाप चालू आहेत म्हणजे रस्ता मोकळा. तान आली म्हणजे पित्ताशयाची नळी बांधून झाली. आणि गाणं मध्येच थांबलं, की मी न विचारता रक्ताची बाटली जवळ आणायला सांगायचे.

आता त्या दुसऱ्या नळीबद्दल, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसले. पित्ताशय काढलं की यकृताखाली जी जागा रिकामी होते, तिथं एक मऊ नळी ठेवायची, तिचं दुसरं टोक कातडीतून बाहेर काढायचं आणि बाटलीला जोडायचं. आत रक्त पाझरलं तर बाटलीत लाल दिसतं, पित्त गळलं तर हिरवट-पिवळं. काहीच आलं नाही की नळी ओढून काढायची. तेव्हा बहुतेक सगळेच ठेवत. पण बाकीच्यांची ती पद्धत होती, आमच्या सरांची ती श्रद्धा होती. “पोट शिवलं की मी आंधळा,” ते म्हणत. “नळी म्हणजे माझा डोळा. मी घरी जाऊन जेवतो, झोपतो, तो उघडा असतो.” राऊंडला आले की पेशंटच्या तोंडाकडे बघायच्या आधी ते बाटलीकडे बघत आणि बाटली रिकामी असली की तिलाच “शाब्बास” म्हणत. पेशंटला वाटे आपल्यालाच म्हणाले.

या श्रद्धेला पुरावा होता, आणि तो पुरावा ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहत होता. धिप्पाड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावणारी एक कोळीण. तिचं ऑपरेशन इतकं सुरळीत झालं होतं की सर अख्खा वेळ गात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर बाटलीत हिरवं पाणी. पित्त कुठून तरी गळत होतं. नळी नसती तर ते पोटात साठत गेलं असतं आणि बाई दोन दिवसांनी तापानं फणफणून, पोट फुगून परत आली असती. आली असती तर. नळी होती म्हणून ते बाहेर पडत राहिलं. सरांनी रोज येऊन तिच्या खाटेशी बसून वाट पाहिली, आणि एक दिवस गळणं आपोआप थांबलं. तोवर बाई कंटाळून गेली होती. “डाक्टर, मना घरा कवा सोरशील? माजं म्हावरं कोन इकल?” असं ती रोज विचारायची आणि सर तिला रोज बाटलीकडे बोट दाखवायचे. घरी गेल्यावर तिनं कृतज्ञतेनं जी मासळी पाठवायला सुरुवात केली, ती वर्षानुवर्षं थांबली नाही. सरांच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात चालत नसे. त्यामुळे ते पापलेट आणि ती कोळंबी सरळ माझ्याकडे वर्तकनगरला यायची. सरांच्या नळीचा सगळ्यात जास्त फायदा कुणाला झाला, याचं प्रामाणिक उत्तर मी आहे.

मग नव्वदीच्या सुरुवातीला दुर्बिणीचं ऑपरेशन आलं. पोट कापायचं नाही, बारीक भोकं पाडायची, पोटात वायू भरून ते तंबूसारखं वर उचलायचं, एका भोकातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारं, आणि सगळं टीव्हीवर बघत करायचं. सर आधी खूप हसले. “दुर्बीण घोड्यांच्या शर्यतीला नेतात,” म्हणाले. मग कुणाच्या तरी आग्रहावरून मुंबईला एक ऑपरेशन बघायला गेले.  दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “भूलबाई, त्या पडद्यावर मी पित्ताशयाची धमनी पाहिली. इतकी वर्षं मी तिला बोटानं ओळखत होतो. काल तिचा चेहरा पाहिला.” पन्नाशी उलटलेला, नाव असलेला सर्जन. त्यांना नवं शिकायची काही गरज नव्हती. पण त्यांनी एक मोठं खोकं आणलं, त्याला भोकं पाडली, आत संत्री ठेवली आणि लांब चिमट्यांनी ती बाहेरून सोलायला लागले. रोज रात्री जेवण झालं की तासन्‌तास. सुरुवातीला आतल्या संत्र्याचा रसच निघायचा. पुढे पुढे साल अखंड निघायला लागली, मग द्राक्षं आली. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणाल्या, “लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी मला कधी एक फोड सोलून दिली नाही. आता खोक्यातून काढून देतात, तेही दिवसाला डझनभर. खाऊन खाऊन मला सर्दी झालीय.”

दुर्बीण आली तेव्हा डोंबिवलीत चर्चेला दुसरा विषय नव्हता. सर पेशंटला सांगत, “पोटात सोडावॉटरचा वायू भरणार, घाबरायचं नाही.” त्यावर एका आजोबांनी भीत भीत विचारलं होतं, “गोड की खारा?” शुक्रवारी वीज जायची म्हणून शुक्रवारी ऑपरेशन नाही, हा नियम सर गुरुवारच्या उपवासाइतका कडक पाळायचे. ऑपरेशनची व्हिडिओ कॅसेट पेशंटला भेट मिळायची. एका घरी सत्यनारायणाच्या पूजेला आलेल्या पाहुण्यांना यजमानांनी ती लावून दाखवली, आणि “हे आमचं पित्ताशय, आता बघा हं, आता डॉक्टर कापतील,” असं स्वतः समालोचन केलं. शिऱ्याचा प्रसाद त्या दिवशी बराच उरला म्हणे.

एवढं सगळं बदललं. वीतभर व्रण गेला, आठवडाभराचा मुक्काम गेला, पेशंट दुसऱ्या दिवशी चालायला लागला. नळी मात्र जागच्या जागी. बाजूच्या भोकातून सर ती ठेवायचेच. आणि तेव्हाच त्यांची मुलगी मोठ्या इस्पितळातून सर्जरीचं शिक्षण पुरं करून घरी आली.

मुलगी बापासारखीच उंच, बापासारखीच हट्टी, फक्त गात नसे. मला मावशी म्हणायची. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, “बाबा, साध्या केसमध्ये नळी कशाला?” सर म्हणाले, “साधी होती हे आपल्याला नंतर कळतं.” झालं, त्या दिवसापासून त्या घरात आणि त्या नर्सिंग होममध्ये दुसरा विषय निघेना. ती म्हणायची, पेशंटला त्या छोट्या भोकांचं दुखत नाही, नळीचं दुखतं. खोल श्वास घेताना टोचते, कुशीवर वळू देत नाही. बाहेरून आत जंतू जायला वाट मिळते. आणि नळी आहे म्हणून आपण त्याला घरी सोडत नाही. सर म्हणायचे, कोळणीला विचार. ती म्हणायची, “कोळीणमावशींना नळीनं वाचवलं, मान्य. बाकीच्यांच्या बाटलीत काय आलं? आणि बाबा, नळी बुजतेही. बाटली कोरडी आणि पोट भरलेलं, असं मी स्वतः पाहिलंय. तुमचा डोळा कधी कधी उघडा असून झोपलेला असतो.” सरांनी त्या दिवशी आमटीचा वाडगा बाजूला सारला. मीही त्या वेळी जेवायला होते. वहिनी म्हणाल्या, “आधी भात संपवा, मग पोटं फाडा.” शेवटी मुलगी उठताना शांतपणे म्हणाली, “मला एवढंच सांगा, नळी पेशंटसाठी ठेवता की स्वतःसाठी?” 

यानंतर जे झालं ते कुणाच्या डोक्यात आलं नसतं. सरांच्याच पोटात दुखायला लागलं. महिनाभर त्यांनी ते ‘गॅस’ म्हणून खपवलं. जो माणूस रस्त्यावरच्या लोकांचे गळे चाचपायचा, तो स्वतःच्या उजव्या बरगडीखाली हात लावू देईना. कल्याणला एका मुंजीत बटाटेवड्यांनंतर मात्र ते वाकून खुर्चीतच बसले, घामानं शर्ट भिजला, आणि वहिनींनी तिथूनच त्यांना सोनोग्राफीला नेलं. पित्ताशयात खडेच खडे. सोनोग्राफीवाला डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी, तो काही बोलायच्या आत सर त्याला म्हणाले, “गप्प बस. दिसतंय मला.”

मुंबईच्या मित्रांचे फोन आले, आमच्याकडे या, सगळी सोय करतो. सरांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: माझ्याच टेबलावर, माझी मुलगी करील. मी विरोध केला. आपल्या माणसावर हत्यार चालवू नये, हे आम्हाला पहिल्यापासून शिकवलेलं. सर म्हणाले, “लोक तिच्याकडे त्यांची पोटं घेऊन येतायत. मी माझं मुंबईला नेलं, तर ते काय समजतील?”  मुलगी हो म्हणाली. मग सरांनी अट घातली. “नळी ठेवायची.”

“आत बघून ठरवीन,” मुलगी म्हणाली.

“आत काही का दिसेना. ठेवायची.”

“बाबा, पेशंट सर्जनला असं सांगत नाही.”

“मग मी कल्याणला जातो. तिथं ठेवतात.”

“जा,” मुलगी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. तेव्हा वहिनींनी हातातली उशी खाटेवर आपटली. “कुणी कुठं जाणार नाही. ती करील, आणि आत जे दिसेल ते बघून तिला पटेल ते करील. तुम्ही आयुष्यभर कुणाला विचारून केलंत?” तो विषय तिथं संपला, असं आम्हाला वाटलं.

ऑपरेशनच्या सकाळी सर स्वतः चालत टेबलापर्यंत आले, दिवे नीट आहेत का ते आडवे पडल्यावर खालून तपासले आणि “बरेच धुळकट दिसतात इथून,” असा शेरा मारला. मी त्यांच्या हाताला सुई लावत होते. मुलगी हात धुवायला गेली आहे असं बघून त्यांनी माझं मनगट धरलं. “भूलबाई, तुम्ही माझ्या बाजूच्या ना?”

“मी नेहमीच पेशंटच्या बाजूची असते, सर.”

“मग ऐका. नळी ठेवल्याशिवाय मला जागं करू नका.”

“जागं नाही केलं तर मला दुसरा धंदा बघावा लागेल,” मी म्हणाले आणि औषध सोडलं. ते काही तरी आणखी म्हणणार होते. ते पुढचं वाक्य काय होतं कोण जाणे.

त्या दिवशी थिएटरमध्ये गाणं नव्हतं. मॉनिटरचा टिकटिक आवाज आणि मुलीचं “जरा वर, थोडं डावीकडे, थांब,” एवढंच.   पडद्यावर सरांचं यकृत दिसलं, गुळगुळीत, चांगल्या माणसाचं असावं तसं, त्याखाली पित्ताशय. तिनं नलिका मोकळी केली, धमनी मोकळी केली, पुन्हा पुन्हा बघून खात्री केली, क्लिपा लावल्या, कापलं. पित्ताशय बाहेर आलं. मग तिनं ती जागा पाण्यानं धुतली, पाणी ओढून घेतलं, कॅमेरा अगदी जवळ नेला आणि थांबली. रक्ताचा थेंब नाही. पित्ताचा थेंब नाही. सिस्टरच्या ट्रेमध्ये नळी तयार होती, कारण सरांनी आदल्या दिवशी सिस्टरला दम भरून ठेवला होता. सिस्टरनं ती उचलून पुढे धरली.

मुलीनं ती घेतली नाही. माझ्याकडे बघितलं. मास्कवरचे ते डोळे तेव्हा सर्जनचे नव्हते, बापाचं ऐकावं की नाही या विचारात पडलेल्या मुलीचे होते. “मावशी, काय करू?”

“तुला काय दिसतंय?”

“कोरडं आहे. स्वच्छ आहे.”

“हा दुसऱ्या कुणाचा बाप असता तर?”

तिनं पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सिस्टरला म्हणाली, “नळी नको. आपण बाहेर पडू या.”

सर जागे झाले. भुलीतून बाहेर येताना माणसं देवाचं नाव घेतात, आईला हाक मारतात, कुणी रडतं. आमच्या सरांचा उजवा हात चादरीखालून निघाला, हळूहळू बरगडीच्या बाजूला गेला आणि तिथं चाचपत राहिला. मग इकडे, मग तिकडे. “नळी?” ते पुटपुटले. मुलगी वाकून म्हणाली, “नाही ठेवली बाबा. गरज नव्हती.” त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि परत मिटले. चहा दिला, प्यायले. वहिनींनी विचारलं दुखतंय का, मान हलवली. मुलगी त्यांच्या खाटेशी स्टूल टाकून बसली ती उठलीच नाही. दर थोड्या वेळानं नाडी बघायची, पोटावर हलका हात ठेवायची, ताप बघायची, पुन्हा बसायची. घरी जा म्हटलं तर जाईना.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा सर उठून खिडकीशी उभे होते. खाली पोळ्या भाजल्या जात होत्या. मुलगी स्टुलावरच, भिंतीला डोकं टेकून झोपली होती. सरांनी मला ओठांवर बोट ठेवून खूण केली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “भूलबाई, नळी असती तर ही घरी जाऊन झोपली असती. मी जायचो तसा.” मग म्हणाले, “कुशीवर झोपलो हो मी काल. इतक्या लोकांना मी कुशीवर झोपू दिलं नाही.”

एवढं झालं तरी माणूस एका दिवसात बदलत नाही. नंतरही प्रत्येक केसला त्यांचा हात नळीकडे जायचा, मग ते पडद्याकडे नीट बघायचे, नाक फेंदारायचे आणि “बरं,” म्हणायचे. पेशंट आता कुरकुर करायला लागले. ‘नळीवाले डॉक्टर म्हणून आले आणि नळीच नाही,’ अशी तक्रार करणाऱ्या एका बाईंना तर त्यांनी पूर्ण अर्धा तास भिंतीवर चित्र काढून समजावलं. भिंत त्यांची स्वतःची होती, एवढी सुधारणा होती.

मग पलीकडच्या दिवा गावचा एक माणूस आला. एमआयडीसीत कामाला, चाळिशीचा. दुखणं कित्येक दिवस अंगावर काढलेलं. “लवकर का नाही आलात?” मुलीनं विचारलं, तर म्हणाला, “मी येणारच होतो मॅडम, पण आमच्याकडे पाणी कधी येईल भरवसा नाही. बायको पोटुशी. हंडे कोण चढवणार चार माळे?” आत पाहिलं तर पित्ताशय काळं पडून सडलेलं, सगळीकडे पू, एकाला दुसरं चिकटलेलं. मुलगी ऑपरेशन करत होती आणि सर तिच्यासाठी कॅमेरा धरून उभे होते. आताशा ते असेच उभे राहायचे. खूप वेळ लागला. नलिका इतकी मऊ झाली होती की क्लिप धरते की नाही याचीच शंका. शेवटी सगळं धुऊन झाल्यावर मुलगी म्हणाली, “सिस्टर, नळी द्या.”

मी सरांकडे पाहिलं. सिस्टरनं पाहिलं. वॉर्डबॉयनंसुद्धा दारातून डोकावून पाहिलं. ज्या वाक्याची ते वर्षानुवर्षं वाट पाहत होते, ते आलं होतं. ‘मी काय सांगत होतो?’ एवढंच म्हणायचं बाकी होतं.  सरांनी फक्त कॅमेरा त्या जागेवर अगदी स्थिर धरला, म्हणजे तिला नळीचं टोक कुठे ठेवायचं ते नीट दिसावं. दुसऱ्या दिवशी बाटलीत पित्त आलं. चांगलंच आलं. ते गळत गेलं, हळूहळू कमी झालं, आणि तो माणूस आपल्या पायांनी चार माळे चढायला दिव्याला परत गेला. सरांनी त्या बाटलीकडे रोज पाहिलं, पण मुलीसमोर तिच्याविषयी चकार शब्द काढला नाही. मी त्यांना इतक्या वर्षांत अनेक कठीण ऑपरेशनं करताना पाहिलंय. याहून कठीण त्यांनी काही केलं असेल असं मला वाटत नाही.

पुढे एके दिवशी ऑपरेशन चालू असताना पडद्यावरचं चित्र थरथरायला लागलं. आधी वाटलं वायर सैल आहे. मग सगळ्यांना कळलं. मुलगी मान न वळवता म्हणाली, “बाबा, माझ्या खांद्यावर कोपर टेका.” त्यांनी टेकलं. चित्र थांबलं. ऑपरेशन पार पडलं. बाहेर आल्यावर सरांनी हातमोजे काढले, ते नेहमीसारखे भिरकावले नाहीत, एकात एक घालून ट्रेमध्ये ठेवले आणि म्हणाले, “उद्यापासून कॅमेऱ्याला दुसरं कुणी तरी बघा.”

तरी ते सकाळी यायचे. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल. थिएटरच्या दारापर्यंत येत, पण आत येत नसत. मी आपली आत जाऊन कामाला लागायचे. ते कुठे जातात, हे मला बरेच दिवस माहीतच नव्हतं. एकदा केस संपवून मी मास्क खाली ओढत बाहेर आले. बाकावर पेशंटचे नातेवाईक बसले होते, मुलगा, सून, डबा मांडीवर घेतलेली एक म्हातारी. मला पाहून सगळे एकदम उभे राहिले. त्यांच्याबरोबर शेवटच्या टोकाला बसलेले सरही उभे राहिले.

“कसं आहे हो आत?” त्यांनी विचारलं.

सर म्हणून नाही विचारलं त्यांनी. आत काय चाललंय ते दिसत नसलेला माणूस जसं विचारतो, तसं विचारलं.

“सगळं ठीक आहे,” मी म्हणाले. “थोड्या वेळात बाहेर आणतील.”

ते खाली बसले, म्हातारीच्या हातावर हात ठेवला आणि तिला म्हणाले, “ठीक आहे म्हणतायत.”